खुलं पत्र: आमच्या वावरातले गोल तुमच्या यादीत नाहीत, मग ते खरडायचे का?

प्रति,
राज्याच्या आणि केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचे साहेब,
महसूल खात्याचे साहेब,
आणि ज्यांच्या सहीने आमच्याकडे लेआउट, मुरूम आणि रस्ते मंजूर होतात ते सगळेजण

साहेब, नमस्कार.

मी विदर्भातला कास्तकार. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या टेकडीवर मुरूम काढायची परवानगी निघाली आणि पोकलेननी तिथली सात-आठ शिळावर्तुळं, म्हणजे जुन्या दगडांचे गोल, खरडून टिप्परमधे भरून नेली. गोटे एका बाजूला ढीग करून पडलेत अजून, आतलं सगळं कुठल्यातरी लेआउटच्या रस्त्याखाली गेलं. तक्रार दिली तर एका ऑफिसातून कागद आला की सदर ठिकाण संरक्षित स्मारकांच्या यादीत नसल्याने या कार्यालयास कार्यवाही करता येत नाही. दुसऱ्या ऑफिसात गेलो तर ते म्हणे परवानगी नियमात आहे, रॉयल्टी भरलेली आहे, तुमचं नेमकं म्हणणं काय. आता टेकडीच्या उरलेल्या भागाचा पण अर्ज पडलाय असं कानावर आलं. म्हणून माझं नेमकं म्हणणं काय ते सगळ्यांसमोरच लिहून टाकतो.

गावाचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही. तुम्हाला दिलेल्या अर्जात आहे ते, गट नंबरसकट. इथं लिहिलं तर पुढच्या अमावस्येला गुप्तधनवाले कुदळ-फावडं घेऊन हजर होतील, आणि त्यांच्यापासून राखण करायची म्हटलं तर रात्री आमच्याकडे आधीच रोही (नीलगाय) आणि डुकरं आहेत.

बाहेरचे लोक वाचत असतील त्यांच्यासाठी थोडं सांगतो. काळ्या दगडाचे मोठमोठे गोटे गोलात लावलेले, मधे दगडमातीचा बुटका उंचवटा, त्यावर गवत आणि बोरीचं झुडूप. पाहणाऱ्याला वाटतं कोणीतरी वावरातले दगड वेचून टाकलेत. पण ते दफन आहे. लोहयुगातलं, साधारण इसवीसनापूर्वी १००० ते ३०० या काळातलं, म्हणजे अशोकाच्याही आधीचं. पुस्तकात याला महापाषाण संस्कृती म्हणतात. नागपूर जिल्ह्यात जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड, हिंगण्याकडचं रायपूर, बोरगाव, भागीमोहारी, वर्धा जिल्ह्यात खैरवाडा, ही खोदकाम झालेली नावाजलेली गावं. एकट्या जुनापाणीला तीनशेच्या आसपास वर्तुळं आहेत, काटोल रोडला, नागपूरपासून दहाएक किलोमीटरवर. चंद्रपूर जिल्ह्यात हिरापूरला तर उभ्या शिळांवर मोठ्ठी आडवी शिळा ठेवलेली अशी रचना आहे, ती पाहिली की हे माणसांनी विना क्रेन कसं चढवलं असेल याचा विचार करत माणूस तिथंच बसून राहतो.

आणि हे काही काल-परवा कळलेलं नाही. नागपूरचा मिशनरी हिस्लॉप, तोच ज्याच्या नावानं कॉलेज आहे, तो १८४७ पासून टाकळघाटच्या वर्तुळांकडे लक्ष देऊन होता, आणि सप्टेंबर १८६३ मधे तीच वर्तुळं पाहून परत येताना पूर आलेल्या नाल्यात बुडून वारला. हजारो पोरं त्या कॉलेजातून शिकून गेली, त्यातल्या किती जणांना हे माहीत असेल देव जाणे. नंतर १८७९ मधे रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं जुनापाणीबद्दल छापलं. १९६२ मधे तिथं पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी खोदलं. मग डॉ. शां. भा. देव, त्यांनी टाकळघाट-खापा केलं, माहुरझरी केलं, जामखेडकर सरांसोबत नैकुंड केलं. देगलूरकर सरांनी रायपूर. दोन हजार सालानंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे लोक माहुरझरीला परत आले.

काय मिळालं तेही सांगतो, कारण आमच्याकडे अजूनही लोकांना वाटतं की सोन्याचे हंडे निघतात. सोनं अगदीच क्वचित. मिळतात ती काळी-तांबडी मडकी, लोखंडाच्या कुऱ्हाडी, छिन्न्या, भाले, तांब्याच्या मुठीचे खंजीर, लाल अकीकाचे मणी. माहुरझरीला तर मणी करायचा कारखानाच होता म्हणायला हरकत नाही, अर्धवट भोक पाडलेले मणी तिथं सापडतात. आणि घोडे. माणसाबरोबर पुरलेले घोडे, तोंडात लोखंडी लगाम, चेहऱ्यावर तांब्याचे दागिने. पोळ्याला आपण बैल सजवतो त्याच्या अडीच हजार वर्षं आधी या मातीत कोणीतरी घोडा असा सजवून मालकासोबत पाठवला. नैकुंडला पेंच नदीच्या काठी लोखंड गाळायची भट्टी निघाली, हवा फुंकायच्या मातीच्या नळ्यांसकट, लोखंडाच्या मळासकट. विदर्भात उद्योग नाही उद्योग नाही म्हणून ओरडतो ना आपण, इसवीसनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराला होता.

शिवाय काही गोट्यांवर खळगे कोरलेले आहेत, अंगठा बसेल एवढे, ओळीत. जुनापाणीचे खळगे सगळ्यात नावाजलेले. ते गोलाच्या ठराविक दिशांनाच येतात आणि त्याचा आकाशातल्या ताऱ्यांशी संबंध असावा असं खगोलशास्त्राच्या अभ्यासकांनी मांडलंय. खरं असेल नसेल, पण ते तपासायला गोटा जागेवर पाहिजे. ढिगात पडलेल्या गोट्याची दिशा कोणती?

हेच मुद्द्याचं आहे म्हणून जरा थांबतो इथं. तक्रारीच्या वेळी एक साहेब मला म्हणाले की गोटे तर आहेतच की, ठेकेदाराला सांगून परत गोल लावून देऊ. साहेब, गोटे म्हणजे फक्त बाहेरचं कुंपण. खरी गोष्ट आतल्या भरावात असते, खाली काय ठेवलं, त्यावर चिकण काळी माती कुठून आणून घातली, मडकं कोणत्या बाजूला, कुऱ्हाड डोक्याशी की पायाशी, हाडं पूर्ण की थोडीच वेचून आणलेली. खोदणारे लोक ब्रशनी महिनाभर एका वर्तुळात बसतात ते याच्यासाठी. पोकलेनचा एक बकेट मारला की ते सगळं संपलं, मग वरून कितीही सुंदर गोल लावा.

आता माझा काय संबंध. आमच्या वावरात गोल आहेत. पणज्यापासून त्या गोलांना वळसा घालून वखर जातो आमचा. एका गोट्याला शेंदूर आहे, पेरणीच्या आधी तिथं नारळ फुटतो. म्हातारी माणसं हे गवळी राजाच्या वेळचं म्हणायची, आणि गंमत म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी इंग्रजांना पण गावोगावी लोकांनी हेच सांगितलं होतं, तशी नोंद आहे. म्हणजे कोणी गॅझेट न काढता, पगार न घेता, लोकांनी ही जागा सोडून ठेवली. तेवढ्या जागेत तूर झाली असती, चार ओळी पऱ्हाटी झाली असती. नाही केली. सगळेच आमच्यासारखे होते असं पण नाही, विहिरीच्या बांधकामात, गोठ्याच्या पायात असले गोटे लावलेले मी पाहिलेत, काहींनी फोडून गिट्टी केली. पण ट्रॅक्टरनी दोन पिढ्यात जेवढं गेलं नाही तेवढं पोकलेननी एका आठवड्यात नेलं, हेही डोळ्यांनी पाहिलंय.

आता तक्रारी.

पहिली, यादीची. तुमच्या १९५८ च्या कायद्यात प्राचीन स्मारक म्हणजे काय ते लिहिलंय, त्यात दफनाचा उंचवटा, पुरण्याची जागा, एकाश्म (एकच अखंड शिळा) असं सरळ सरळ आहे, इतिहासाच्या, पुरातत्त्वाच्या किंवा कलेच्या दृष्टीनं महत्त्वाचं आणि निदान शंभर वर्षं जुनं पाहिजे एवढीच अट. आमचे गोल अडीच हजार वर्षांचे आहेत, वयाचा दाखला आणायची गरज नसावी. मग ते यादीत का नाहीत? कारण गावोगाव फिरून यादी करायला कोणी आलंच नाही. जी गावं अभ्यासकांनी खोदली ती प्रसिद्ध झाली, त्यातली काही संरक्षित झाली, आणि त्यांच्या शेजारच्या शिवारातले गोल मात्र सरकारी भाषेत अस्तित्वातच नाहीत. म्हणजे तुम्ही मोजलं नाही म्हणून यादीत नाही, आणि यादीत नाही म्हणून वाचवता येत नाही. आम्ही काय समजायचं?

आणि यादीत असलेल्यांचं तरी काय. डिसेंबर २०२२ मधे केंद्र सरकारनीच संसदेच्या समितीला सांगितलं की देशातली ५० संरक्षित स्मारकं सापडत नाहीत, १४ शहरवाढीत गेली, १२ पाण्याखाली, आणि २४ चा पत्ताच लागत नाही. ही गॅझेटमधे नाव असलेली. आमच्या बिननावाच्या गोलांचा हिशोब कोण ठेवणार?

दुसरी, परवानगीची. मुरूम, एनए (बिगरशेती), लेआउट, रस्ता, सोलर, सगळ्या फायलींना वेगवेगळे दाखले लागतात. जंगल आहे का, नाला आहे का, विजेची लाइन जाते का. इथं जुनं दफन आहे का हा प्रश्न आमच्या फायलीत कुठंच नव्हता. नागपूरच्या आजूबाजूला काय चाललंय ते सांगायला नको, टाकळघाटच्या बाजूला बुटीबोरीची एमआयडीसी वाढतीये, समृद्धी हिंगण्याकडून निघते, उद्या पवनारहून शक्तिपीठ म्हणतात. मी रस्त्याच्या विरोधात नाही, आमची संत्री त्याच रस्त्यानं जातात. पण हे सगळं नेमकं त्याच खडकाळ, हलक्या, पडीक जमिनीवर येतंय जिथं हे गोल आहेत, कारण जुन्या लोकांनी पण चांगली काळी जमीन पिकाला ठेवली आणि मेलेल्यांना माळावर जागा दिली. म्हणून सातबाऱ्यावर पड, पोटखराब लिहिलेली जमीन हीच सगळ्यात आधी तपासायला पाहिजे, आणि तीच सगळ्यात आधी विकली जाते.

तिसरी, भीतीची, आणि ही सगळ्यात मोठी. कास्तकार सांगत का नाही की माझ्या वावरात गोल आहे? कारण त्याला माहीत आहे, किंवा कोणीतरी पानठेल्यावर सांगितलंय, की सांगितलं की वावर सरकारजमा. १०० मीटरपर्यंत काही करता येत नाही, पुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगी लागते, बोअर नाही, गोठा नाही, पोरगा वेगळा झाला तर घर नाही, बँक कर्ज देत नाही. यातलं काही खरं, काही अर्धं, काही साफ खोटं. तो १०० मीटरचा नियम संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या जागेच्या भोवतीचा आहे आणि तो बांधकामाचा आहे, तिथं वखरायला-पेरायला बंदी नाही, आणि जाहीर करायच्या आधी दोन महिन्यांची नोटीस काढून हरकती घ्याव्या लागतात. हे मला कळलं कारण मी कायदा डाउनलोड करून वाचला, इंग्रजीत, पोरीच्या मदतीनं. गावात येऊन मराठीत हे कोणी सांगितलंय कधी? नाही सांगितलं, म्हणून मग काय होतं, तर पोरगा रात्री ट्रॅक्टरला ब्लेड लावतो आणि सकाळी वावर सपाट. ना राहिला गोल ना राहिली भानगड. तो वाईट माणूस नाही, घाबरलेला माणूस आहे.

तसंच सापडलेल्या वस्तूंचं. गुप्तनिधीचा कायदा १८७८ चा, जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. दहा रुपये! आज दहा रुपयात चहा येत नाही बुटीबोरीच्या चौकात. कळवलं नाही तर गुन्हा, आणि कळवलं तर पंचनामा, जबाब, तालुक्याच्या चकरा, शेजारी म्हणणार याला हंडा सापडला. म्हणून लोखंडी कुऱ्हाड निघाली की भंगारवाल्याकडे, मणी निघाले की लेकरांच्या खेळात.

चौथी छोटी आहे. जिथं तुमचा निळा बोर्ड आहे तिथं बोर्डावर कायद्याचं कलम आणि शिक्षा लिहिलेली असते, आत काय आहे ते लिहिलेलं नसतं. माणूस फिरायला येतो, गोट्यावर बसून फोटो काढतो, नाव कोरतो. त्याला चार ओळी मराठीत सांगितल्या की हे कोणाचं तरी मसण आहे बाबा, तर निम्मे तरी बूट काढतील.

पाचवी, आमच्या मातीतून निघालेलं आम्हाला दिसत नाही. खोदकामाचे अहवाल इंग्रजीत, वस्तू पुण्याला, नाहीतर कुठल्या स्टोअरमधे पेटीत. ज्या गावच्या शिवारात घोडा निघाला त्या गावच्या झेडपी शाळेत त्या घोड्याचा एक फोटो तरी लावायला काय हरकत होती?

आणि हो, तुम्हाला जमत नाही असं मी मानत नाही. कोकणातल्या कातळशिल्पांचं नाव २०२२ मधे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं, ती पण आधी लोकांच्या आंबा-काजूच्या सड्यावर बेवारस पडलेली होती. शिवाजी महाराजांचे किल्ले २०२५ मधे जागतिक वारसा झाले, अभिमान आहे. कर्नाटकाचं हिरेबेनकल २०२१ मधेच संभाव्य यादीत गेलं, तेलंगणाचे मुडुमालचे उभे दगड २०२५ मधे गेले, दोन्ही आमच्यासारखीच महापाषाणांची ठिकाणं. विदर्भाची वर्तुळं कुठं आहेत? युनेस्को राहू द्या, आधी तलाठ्याच्या दप्तरात तरी येऊ द्या.

आता मागण्या. साध्या आहेत, मोठा फंड लागत नाही यातल्या बहुतेकांना.

आमच्या टेकडीचा दुसरा अर्ज थांबवा, जोपर्यंत पुरातत्त्वाचा माणूस येऊन पाहून जात नाही. आणि जे खरडलं गेलं तिथं ढिगात खळग्यांचे गोटे आहेत का ते पाहून निदान ते उचलून तालुक्याला ठेवा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात ते पण कुठल्या पुलाच्या पिचिंगला लागतील.

सगळ्या परवानग्यांच्या फॉर्ममधे एक ओळ वाढवा: या गटात शिळावर्तुळ, उभा दगड, कोरीव दगड आहे का, आणि ते पाहणाऱ्याची सही. पड आणि पोटखराब जमिनीला जागेवर जाऊन पाहणी सक्तीची करा, टेबलावरून नाही.

मोजणी करा. आणि इथं तुम्हाला फुकटची आयडिया देतो. २०२१ पासून आम्ही ई-पीक पाहणी करतो, वावरात उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो टाकतो, कायम पड टाकतो, बांधावरची झाडं टाकतो. त्याच अ‍ॅपमधे ‘जुने दगड’ असं एक बटण द्या. लोकेशन आपोआप येतंच. आमच्या गावात रेंज टेकडीवरच येते, म्हणजे फोटो अगदी गोलातूनच जाईल. मग आलेले फोटो विद्यापीठाच्या पोरांकडून तपासून घ्या, त्यांना पण काम मिळेल. पण ही नोंद सगळ्यांना उघडी ठेवू नका, ती खात्याकडेच राहू द्या, गुप्तधनवाल्यांना नकाशा छापून देण्यात अर्थ नाही.

नोंद करणाऱ्या कास्तकाराला लेखी द्या की नोंदीमुळे त्याचं वावर जाणार नाही, पेरणी थांबणार नाही, कर्ज अडणार नाही. जेवढी जागा तो सोडतो तेवढ्या गुंठ्यांचं वर्षाला काहीतरी मानधन द्या, पिकाच्या नुकसानीइतकं तरी. आणि ज्याच्या वावरात खरंच संरक्षण जाहीर करायचं असेल त्याला आधी भेटा, गॅझेट मग काढा.

ग्रामसभेत या. वर्षातून एकदा. मराठीत बोला, कायदा सांगा, कुऱ्हाडीचा आणि मण्याचा फोटो दाखवा. सापडलेली वस्तू कुठं द्यायची, कोणाला फोन करायचा, पावती मिळणार का, एवढं सांगितलं तरी भंगारात जाणारं निम्मं वाचेल. तो दहा रुपयांचा आकडा बदलायचं काम दिल्लीचं आहे हे मला कळतं, पण पंचनाम्याची चक्कर कमी करणं तुमच्या हातात आहे.

आणि बोर्ड बदला. शिक्षेच्या खाली चार ओळी माहितीच्या.

याचं उत्तर मला पोस्टानं नको, तुमच्या ऑफिसच्या बोर्डावर आणि आमच्या ग्रामपंचायतीत लावा, कारण शेजारच्या गावात पण गोल आहेत आणि तिथले लोक वाट पाहताहेत काय होतं ते. मुरमाचं काम होळीनंतर सुरू होतं, म्हणून निर्णय त्याच्या आधी पाहिजे, जूनमधे येऊन पाहणी केली तर फक्त खड्ड्यात साचलेलं पाणी दिसेल. पाहणीला याल तर जानेवारीच्या शेवटी या, तोवर तूर निघालेली असते, गवत वाळलेलं असतं, गोल लांबून मोजता येतात. गाडी शाळेपर्यंत येते, पुढं पायी. हद्दीच्या खुणा आणि शेजारच्या गटातले गोल दाखवायला मी आणि गावातले तीन-चार जण असू, त्यांच्या पण वावरात आहेत, आणि त्यांनी अर्जावर सही द्यायला होकार दिलाय, फक्त आधी ते कर्जाचं लेखी मागताहेत.

आपला,
एक कास्तकार, विदर्भ